कोबीच्या राजाचा हुकूम

आमच्या गावात जन्मलेलं माणूस कुरळा कोबी खात नाही, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ऐकलं ते कुठे, तर माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच नातवाच्या तोंडून.

"हे हिरवं आहे," टाम्मो म्हणाला आणि त्याने ताटली माझ्याकडे सरकवली.

"हिरवंच असतं ते. कोबी आहे."

"म्हणूनच नको."

पाच वर्षांचं पोर, आणि नाकावर टिच्चून सांगतं! माझी लेक वीबके माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, पहाटेच रोपवाटिकेत कामाला जाते, जावई बोटीवर. म्हणजे बालवाडीतून याला आणायचं आणि दुपारचं जेवू घालायचं काम माझं. मीच हौसेने अंगावर घेतलंय, तक्रार नाही. पण हौसेलासुद्धा काही सीमा असते की नाही? या पोराला बटाटा चालायचा, पाव चालायचा, शेवया, लोणी, दूध, सगळं चालायचं. रंग तेवढा पांढरा किंवा पिवळट हवा. उकडलेल्या बटाट्यावर पार्सलीची चिमूट पडली, तर हा एकेक कण नखाने उचलून ताटलीच्या काठावर ओळीने मांडून ठेवायचा.

मी काय काय नाही केलं! खिम्याच्या गोळ्यांत गाजर किसून घातलं. घावनात पालक वाटून घातला. मटारांचं विमान केलं, आगगाडी केली. पण त्याचं नाक असं तिखट, की दारातूनच विचारायचा, "आजी, यात काय लपवलंयस?" मग माझा पारा चढायचा. खा. अरे खा. एक घास खा. आईसाठी खा. बाबा बोटीवर उपाशी बसलेत, त्यांच्यासाठी खा. बाबा बोटीवर माझ्यापेक्षा चांगलं जेवत असतात, ही गोष्ट वेगळी.

"आई, तुझं 'खा' वरच्या मजल्यावर ऐकू येतं," सुट्टीच्या दिवशी वीबके म्हणायची.

"मग काय 'नको खाऊस' म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस."

काहीच म्हणू नकोस! म्हणे काहीच म्हणू नकोस. भाजी पोराच्या तोंडात आपण होऊन उडी मारणार आहे का?

त्यातून हा कोबी म्हणजे माझा जीव. गड्डा धरणारा तो कोबी नव्हे हं. हा उभा वाढतो, टाम्मोच्या डोक्याच्या वर जातो, आणि पानांना अशी चुण्याचुण्यांची झालर, की जपूनच धुवावी लागतात. बी माझ्या सासूबाईंचं. दरवर्षी दोन झाडं मी बियाण्यासाठी राखते. आमच्या गल्लीच्या कोबीफेरीला कोबी जातो तो माझ्याच परसातला, दुसऱ्या कुणाचा नाही.

कोबीफेरी म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस. फेब्रुवारीत सगळी गल्ली निघते. हातगाडी ओढायची, रस्त्यावरून लाकडी गोळा घरंगळवायचा, गारठलो म्हणून एकेक घोट घ्यायचा, आणि शेवटी फ्राउकेच्या खानावळीत कोबी, बटाटे आणि ओट भरलेलं सॉसेज यांच्यावर आडवा हात मारायचा. सगळ्यात जास्त कोबी खाईल तो राजा. राजाच्या गळ्यात आम्ही डुकराचा जबडा घालतो, दातांसकट, लाल फितीत ओवलेला. हसू नका. तो जबडा मिळावा म्हणून आमच्या गल्लीतल्या मोठमोठ्या माणसांनी पँटची बटणं तोडून घेतली आहेत.

गेल्या वर्षी राणी झाले मी. शेजारचा आइलर्ट दुसरा आला आणि तिथेच भांडायला उठला. "माझी ताटली शिगोशीग भरलेली होती, गेशे! तुझ्या ताटलीत होतं काय? चिमणीचं जेवण!" मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "ताटली ती ताटली! कितीही रचा, मोजायची एकच!" सगळ्या खानावळीने टाळ्या वाजवल्या आणि तेव्हापासून तो नियमच झाला. तेव्हा काय ठाऊक होतं, हा नियम फिरून माझ्याच अंगाशी येणार आहे ते.

तर तो जबडा वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता. नोव्हेंबरात एका दुपारी टाम्मो खुर्चीवर चढून त्याचे दात मोजत होता. मी बटाटे सोलत होते.

"आजी, राजा झालं की हा मिळतो?"

"हो तर."

"आणखी काय मिळतं?"

"मिळतं काय? मान मिळतो. पुढच्या वर्षीची फेरी राजा ठरवतो. कुठून जायचं, कोणते खेळ, सगळं राजाच्या शब्दावर. कुणी हूं की चूं करायचं नाही."

"जेवायला काय करायचं, तेपण?"

"तेपण," मी म्हटलं. लक्ष बटाट्यांत. जीभ घसरते ती अशीच.

टाम्मो खुर्चीवरून उतरला, टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, "मला कोबी दे."

माझ्या हातातली सुरी खाली पडली. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. देवाने शेवटी या म्हातारीचं ऐकलं, असं वाटलं. मी कोबी वाढला. त्याने डोळे मिटले, नाक चिमटीत धरलं आणि घास असा गिळला, की बघणाऱ्याला वाटावं एरंडेलच पितोय. पण गिळला! दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. तिसऱ्या दिवशीही. मी कुंपणापाशी जाऊन आइलर्टला ऐकवलं, पावाच्या दुकानात ऐकवलं, चर्चमधून बाहेर पडताना पाद्रीबाईंनासुद्धा ऐकवलं. जेवताना माझं 'खा खा' दुप्पट झालं. आता तर गाडी रुळावर होती ना, मग जोरात नको का हाकायला?

फुगा फुटला तो बालवाडीच्या फाटकात. गल्लीच्या टोकाला राहणारी एन्ना टाम्मोची जिवलग मैत्रीण. ती बूट चढवता चढवता मला म्हणाली, "टाम्मो राजा होणार. मग तो कोबी बंद करणार. मग पिझ्झा. त्याने मला शब्द दिलाय."

"कोबी काय करणार?"

"बंद. कायमचा."

मी टाम्मोकडे पाहिलं. तो टोपीची नाडी चघळत होता आणि मान डोलवत होता. जराही शरम नाही!

त्याचा हात धरून मी तरातरा घरी निघाले. अख्खी दुपार मनात एकच. पोराने भाजी खावी म्हणून मी जिवाचं रान केलं, आता तो खातोय. आणि खातोय तो माझ्या कोबीच्या मुळावर उठून! जितके घास जास्त, तितका कोबीफेरीतला कोबी जाण्याच्या वाटेवर. आइलर्टला सांगितलं तर तो कुंपणाला धरून हसत सुटला. इतका हसला, की त्याच्या बायकोने खिडकी उघडून काय झालं ते विचारलं.

"तू काळजी करू नकोस गं गेशे. मी आहे ना! माझ्या पोटासमोर ते चिमुरडं काय टिकणार?"

"ताटली ती ताटली आहे, आइलर्ट."

तो हसायचा थांबला. "अरे देवा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाम्मोने ताटली पुढे केली आणि माझा डाव हातातच राहिला. वाढू की नको? आयुष्यात मी कुठल्याच पोराला भाजी नाकारलेली नाही. शेवटी वाढला. पण तोंडातून 'खा' काही निघेना. कसं निघणार? माझ्याच कोबीवर मीच कुऱ्हाड चालवू? मी गप्प बसून माझं जेवले. त्यानंतर रोज तेच. तो मागायचा, मी वाढायचे आणि गप्प राहायचे. कोबीचा विषयच मी सोडला. आइलर्टच्या बायकोची गुडघेदुखी, हरवलेलं मांजर, असलं काहीबाही बोलायचे.

आणि मग मला एकेक दिसायला लागलं. आधी त्याने नाक धरायचं सोडलं. मग डोळे मिटायचं सोडलं. एका सकाळी खिडक्यांवर हिमाची फुलं उमटली, तर हा झोपेच्या कपड्यांवर बूट चढवून परसात पळाला आणि ओरडायला लागला, "आजी! याला थंडी लागली! आता गोड झाला असेल!" थंडीचा कडाका बसला की कोबी गोड होतो, हे त्याला मी कधी सांगितलं होतं देव जाणे. आम्ही दोघांनी पानं खुडली. त्याने देठ सोलले. एक गोठलेली झालर मोडून त्याने तोंडात टाकली, करकर चावली आणि काही न बोलता दुसरी मोडली. मी टोपली उचलली आणि पाठ फिरवली, कारण माझा चेहरा त्याला दिसायला नको होता.

मनात आलं, आवडतोय की काय याला? मग आलं, छे, तयारी चाललीय त्याची. एन्नाला शब्द दिलाय ना. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं आणि "शी!" असं उत्तर आलं असतं, तर ते ऐकायची माझी छाती नव्हती.

कोबीफेरीच्या दिवशी असं गारठलं होतं, की हातगाडीची चाकं कुरकुरत होती. आइलर्टचा गोळा दोनदा रस्त्याकडेच्या चरात गेला, तो काढायला सगळे काठ्या घेऊन वाकले. पोरं गाडीभोवती, मोठी माणसं मागे, गळ्यात दोरीला बांधलेले छोटे पेले खुळखुळतायत. मी राणी म्हणून जबडा घालून सगळ्यांच्या पुढे. शेवटचा दिवस तो माझ्या मिरवण्याचा. चालताना मी जबड्यावरून हात फिरवत होते आणि वाटत होतं, पुढच्या वर्षी याच रस्त्याने आपण पिझ्झा खायला जाणार.

खानावळीत शिरलो तर काचा वाफेने धूसर झालेल्या. फ्राउकेने माझा कोबी पहाटेपासून मंद आचेवर ठेवला होता. त्याचा तो वास! तिने पातेली टेबलावर आदळली आणि म्हणाली, "चला, कुणाला मरायचंय?"

ताटल्या सुरू झाल्या. मावळत्या राणीला चढाओढीत उतरता येत नाही, म्हणून मी नुसतीच बघत होते. आइलर्टने कमरेचा पट्टा आधीच सैल केला होता. टाम्मोला फ्राउकेने लहान मुलांची ताटली दिली, तळाशी सशाचं चित्र असलेली. त्याने ती कोबीने भरली, पुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली.

आइलर्ट गुरगुरला, "ए, ही कसली ताटली? बशी आहे ही!"

टाम्मो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "ताटली ती ताटली. आजीने सांगितलंय."

खानावळ हसून हसून लोळायची बाकी राहिली. मी मान खाली घातली. वीबके माझ्या शेजारी बसली होती, तिने मला कोपराने ढोसलं. "बोल की काहीतरी, आई." मी काय बोलणार? माझाच नियम.

एकेक जण गळायला लागला. एन्नाचे वडील गेले, फ्राउकेचा भाऊ गेला. उरले दोघं. आइलर्ट लालबुंद, घामाघूम, टाम्मोची हनुवटी हिरवीगार. चौथी ताटली दोघांचीही संपली. पाचवीला आइलर्टने काटा उचलला, कोबीकडे बघितलं आणि परत ठेवला. टाम्मोने पातेल्याकडे पाहिलं, पोटावर हात ठेवला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "माझ्यात आता जागा नाही."

बरोबरी! आणि बरोबरी झाली की निवाडा मावळत्या राणीचा. सगळी खानावळ माझ्याकडे बघायला लागली.

आइलर्टने मला डोळा मारला. एवढंच म्हणायचं होतं, "आइलर्ट." कुणी काही बोललं नसतं. मोठा माणूस, मोठी ताटली. सासूबाईंचं बी वाचलं असतं, फेरी वाचली असती. एन्ना खुर्चीवर गुडघे टेकून टाम्मोकडे बघत होती. तिच्यासमोर नुसते बटाटे. टाम्मो माझ्याकडे बघतच नव्हता. तो आपल्या ताटलीकडे बघत होता. इतकी लख्ख पुसली होती त्याने, की सशाच्या मिशासुद्धा दिसत होत्या.

या पोराची ताटली अशी रिकामी बघायला मी किती तळमळले होते! आणि आता ती समोर असताना मी खोटं बोलू?

मी उठले. जबडा गळ्यातून काढला. "नियम म्हणजे नियम. राजा टाम्मो!"

काय तो गोंधळ! टेबलं बडवली, ग्लास वाजवले. आइलर्टने स्वतः त्याला उचलून खुर्चीवर उभं केलं. जबडा त्याच्या पोटापर्यंत लोंबत होता. "राजाचा हुकूम! राजाचा हुकूम!" सगळे ओरडायला लागले. मी वीबकेचा हात धरला. घट्ट धरला.

टाम्मोने एन्नाकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. पुन्हा एन्नाकडे पाहिलं, आणि मला कळलं, की बिचारं फसलंय. शब्द दिलाय एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ते पातेलं आहे. आवडतो त्याला! खरंच आवडतो! मला उडी मारावीशी वाटली आणि त्याला उचलून घरीही न्यावंसं वाटलं.

"एन्नाला पिझ्झा," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या वर्षी. मी शब्द दिलाय."

"आणि कोबी?" आइलर्टने विचारलं. त्याचा आवाज कापत होता, शपथेवर सांगते.

"कोबीपण. ज्याला हवा त्याला." मग त्याने जबडा दोन्ही हातांनी धरला आणि जोरात म्हणाला, "पण कुणी कुणाला 'खा' म्हणायचं नाही! कुणीच नाही! फेरीतपण नाही, आणि घरीपण नाही!"

"का रे बाबा?" फ्राउकेने विचारलं.

"कारण आजी 'खा, खा' म्हणायची ना, तेव्हा तो फार वाईट लागायचा. मग ती गप्प बसायला लागली, आणि तो चांगला लागायला लागला."

सगळ्या खानावळीने माझ्याकडे पाहिलं. मला हसावं की टेबलाखाली जावं कळेना. वीबकेला मात्र कळलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मला मिठी मारून कानात म्हणाली, "वरच्या मजल्याकडूनही आभार, आई."

गप्प बसले होते मी ते माझ्या स्वार्थासाठी, कोबी वाचवायला. हे त्या पोराला कधीच सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.

हुकूम पाळणं काही खायचं काम नाही. दुसऱ्याच दिवशी मी लाल बीट उकडलं होतं. टाम्मो जबडा घालूनच जेवायला बसला. त्याने बीटाची एक फोड काट्याला टोचली, हुंगली, जिभेने जरा चाटली आणि परत ठेवली. परत ठेवली! माझी जीभ आतून दातांवर आपटली. मी तोंड उघडलं, तसं त्याने नुसतं जबड्यावर बोटाने टकटक केलं. मी तोंड मिटलं आणि मांजराचा विषय काढला. बीट त्याने शेवटी खाल्लं, पण ते मार्च संपता संपता, आणि माझ्या ताटलीतलं उचलून.

मे महिन्यात मी कोबीच्या बियांसाठी ओळी आखत होते. टाम्मो मुठीत बी घेऊन मागे मागे येत होता. एन्ना कुंपणावर बसून सफरचंद खात होती. ओळी आखून झाल्या, मी कंबर सरळ केली, तर राजेसाहेब म्हणाले, "अजून एक ओळ."

"एवढा कोबी खाणार कोण रे?"

त्याने कुंपणाकडे चोरून पाहिलं आणि माझ्या कानाशी आला. "एन्ना," तो कुजबुजला. "ती नको म्हणते. पण मी तिला काहीच म्हणणार नाही. नुसता तिच्या शेजारी बसून खाणार."

मी गुपचूप फावडं उचललं आणि आणखी एक ओळ आखली.